वाफेवर वाजणारं वाद्य

माणूस मिरजेचा आहे म्हटलं की त्याला वाद्यांतलं कळतं, असं लोक धरून चालतात. आमच्या गल्लीच्या तोंडाशी सतारी-तंबोरे करणाऱ्यांची दुकानं होती हे खरं. शाळेत जाता-येता वाळत घातलेले भोपळे दिसायचे हेही खरं. पण माझा त्या धंद्याशी प्रत्यक्ष संबंध एकदाच आला. आमचा चेंडू एका भोपळ्यावर आपटला, भोपळा गडगडत रस्त्यावर आला आणि मी उलट दिशेला पळालो. पुढे इंजिनिअर झालो, अमेरिकेत आलो, कॅरी नावाच्या गावात घर घेतलं, आणि गेली वीसेक वर्षं दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून पोट भरतो आहे.

तरीही इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत पेटीची पट्टी अडकली किंवा तबल्याची वादी सैल पडली की वस्तू माझ्यापुढे येते. "तू मिरजेचा ना, बघ जरा." मी ती उलटीसुलटी करतो, कानाशी नेतो, दोन ठिकाणी टिचकी मारतो आणि म्हणतो, "हवामानामुळे." लोक माना डोलावतात. या निदानावर आजवर कुणी शंका घेतलेली नाही. बायको सोडून; पण ती माझ्या कुठल्याच निदानावर विश्वास ठेवत नाही.

हे सांगायचं कारण म्हणजे आमच्या व्याह्यांचं वाद्य.

मुलीने लग्न ठरवलं तो मुलगा इथलाच, आयरिश घरातला. त्याची आई काही वर्षांपूर्वी गेली, घरी वडील एकटेच. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, उंच, कमी बोलणारे गृहस्थ. मुलीने त्यांना 'व्याही' हा शब्द शिकवला. इंग्रजीत या नात्याला नावच नाही याचं त्यांना फार नवल वाटलं, आणि तेव्हापासून ते मला 'व्याही' अशीच हाक मारतात. आमचं बोलणं अर्थात इंग्रजीत चालतं. इथे मी ते मराठीत देतो आहे. मराठीत मी जरा हुशार वाटतो, तेवढाच फायदा.

मे महिन्यात पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो. आम्ही शाकाहारी म्हणून त्यांनी स्वतः पालकाचा लझानिया केला होता. जेवताना मला समोरच्या पुस्तकांच्या कपाटावर एक काळी लांबट पेटी दिसली.

"त्यात काय आहे?" मी विचारलं. बायकोने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. कशासाठी, ते तिने अजून सांगितलेलं नाही. सर्वसाधारण खबरदारी म्हणून असावा.

त्यांनी पेटी खाली घेतली, फडक्याने पुसली आणि उघडली. आत जुन्या मखमलीवर एक वाद्य तुकड्या-तुकड्यांनी निजलं होतं. आयरिश बॅगपाइप. चित्रात घागरेवाले सैनिक गाल फुगवून फुंकतात तो स्कॉटलंडचा. हा त्याचा आयर्लंडमधला सोज्वळ चुलतभाऊ. हा खुर्चीत बसून वाजवतात आणि याला तोंड लावत नाहीत. उजव्या काखेत छोटा भाता बांधायचा आणि कोपराने दाबत राहायचं. हवा डाव्या काखेतल्या चामड्याच्या पिशवीत जाते. ती पिशवी डाव्या कोपराने दाबली की बोटांनी वाजवायची नळी बोलायला लागते, आणि मांडीवर आडव्या ठेवलेल्या आणखी नळ्या तंबोऱ्यासारखा एकच सूर धरून बसतात. लांबून बघितलं तर वाजवणारा माणूस दोन्ही काखांत एकेक कोंबडी लपवून कुणाला कळू नये अशा प्रयत्नात असल्यासारखा दिसतो.

"वडिलांचं," व्याही म्हणाले. "आयर्लंडहून आले तेव्हा हातात एवढंच होतं. घरातलं एकही लग्न त्यांच्या वाजवण्याशिवाय झालं नाही. बहिणींची, माझं. मलाही शिकवलं थोडं." त्यांनी झाकण अर्धवट मिटलं. "ते गेले त्याला सतरा वर्षं झाली. तेव्हापासून कुणी हात लावला नाही. माझ्या मुलाच्या लग्नात वाजायला हवं होतं. पण आता ते काय वाजणार."

शहाण्या माणसाने इथे 'अरेरे' म्हणून लझानिया पुढे ओढला असता. मी म्हणालो, "वाजेल की. न वाजायला काय झालं? मी मिरजेचा आहे."

"म्हणजे?" त्यांनी मुलीकडे पाहिलं.

"बाबांच्या गावात म्युझिकल इन्स्ट्रुमेंट्स बनतात," मुलगी म्हणाली. तिच्या वाक्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

मग व्याह्यांनी माझ्याकडे पाहिलं. ऑपरेशन थिएटरमधून बाहेर येणाऱ्या डॉक्टरकडे लोक तसं बघतात. लग्न ऑक्टोबरच्या शेवटी होतं.

गाडीत बायको म्हणाली, "तुला सायकलचं पंक्चर काढता येत नाही."

"सायकल वाद्य नाही," मी म्हणालो.

जूनपासून दर शनिवारी सकाळी व्याही पेटी घेऊन आमच्या गराजमध्ये यायला लागले. पहिलं काम पिशवीचं. चामडं सुकून पापडासारखं झालं होतं आणि भरलेली हवा कुठून तरी फुस्स करून निघून जायची. कुठून, ते दिसेना. पिशवी बादलीत बुडवून बुडबुडे बघू, असं मी सुचवलं. त्यांनी ती हळूच स्वतःकडे ओढून घेतली. मग मला देवघर आठवलं. उदबत्ती पेटवून शिवणीच्या कडेकडेने फिरवायची. धूर जिथे हलेल तिथे भोक. ही कल्पना चांगलीच होती, असं मी आजही म्हणेन. ते भाता दाबताहेत, मी चामड्याला ओवाळतो आहे, असं करत आम्ही तीन भोकं शोधली. चौथं सापडायच्या आत घरातला स्मोक अलार्म बोंबलायला लागला, कारण मधलं दार मीच उघडं टाकलं होतं. बायको येऊन बघते तर दोन वयस्कर पुरुष एका पिशवीपुढे उदबत्त्या घेऊन गुडघ्यांवर बसलेले.

"आरती झाली की हाक मारा," ती म्हणाली आणि अलार्म बंद करायला गेली.

भोकांवर मेण चोळलं, सांध्यांना मेण लावलेला दोरा गुंडाळला. तिसऱ्या शनिवारी पिशवीने हवा धरली आणि मांडीवरच्या नळ्या घुमल्या. एकीने आधी जरा खाकरून घेतलं. व्याही हसले. ते हसतात हे मला तेव्हा कळलं.

राहिली बोटांनी वाजवायची नळी, म्हणजे खरं तर तिच्या टोकातली पत्ती. आपल्या सनईला असते तशीच. वेताच्या दोन पातळ पाकळ्या एकमेकींना बांधलेल्या, नखापेक्षा थोड्या मोठ्या. सगळा आवाज तिथे जन्माला येतो. व्याह्यांनी ती काढून तळहातावर घेतली.

"ही वडिलांनी हाताने केलेली. शेवटची. बाकीच्या तुटल्या."

"नवी मिळत नाही?"

"करणारे मोजके आहेत. वर्षभर थांबावं लागतं. शिवाय..." त्यांनी पत्ती नळीत परत बसवली आणि ते सगळा संसार पुढच्या शनिवारपर्यंत माझ्याकडे ठेवून गेले. मिरजेच्या माणसाकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गराजमध्ये एकटाच होतो. आमच्याकडच्या लग्नात मांडवाच्या कोपऱ्यात सनईवाला बसायचा. त्याच्या सनईला दोऱ्याने दोन-चार पत्त्या लटकत असायच्या. वाजवायच्या आधी तो त्यातली एक तोंडात धरायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत निवांत घोळवायचा. सनईची कोरडी पत्ती बोलत नाही, हे आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. वाद्यांविषयी मला खात्रीने ठाऊक असलेली ही एकच गोष्ट. ती मी वापरली.

चांगली पाच मिनिटं. या गालातून त्या गालात.

बायको रिसायकलिंगचा डबा घ्यायला आली. "तोंडात काय आहे?" दोन वर्षांच्या मुलाला विचारतात त्या आवाजात.

मी काढून दाखवली. "पत्ती."

"कुणाची?"

"व्याह्यांच्या वडिलांची."

तिने डबा खाली ठेवला.

पत्ती फुंकून बघितली. ओल्या पुठ्ठ्यासारख्या दोन्ही पाकळ्या एकमेकींना चिकटल्या होत्या. हवा जाईना, आवाज तर दूरच. पेटीच्या झाकणाला आतून एक खिसा होता, त्यात एक जुनी पुस्तिका होती, आणि ती उघडायची बुद्धी मला त्यानंतर झाली. पहिल्याच पानावर, पेन्सिलीने दोनदा अधोरेखित केलेलं वाक्य: पत्तीला ओल लागू देऊ नये. खाली कारण दिलं होतं. माणसाच्या श्वासातला दमटपणा पत्तीपर्यंत पोचू नये म्हणूनच या वाद्याला भाता असतो. म्हणजे एका अख्ख्या देशाने डोकं लढवून, काखेत भाते बांधून, ज्या गोष्टीपासून या पत्तीला पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं, ती गोष्ट माझं तोंड होती.

मी मुलीला फोन केला.

"बाबा, यू पुट इट इन युअर माउथ?"

"आपल्याकडे घालतात."

"इट्स नॉट आपल्याकडे." मग ती हुकूम सोडायला लागली. "राइसमध्ये ठेव. फोन भिजला की ठेवतो तसं. आणि त्यांना सांग. आजच्या आज."

तांदळाचं ऐकलं. दुसरं नंतर करू म्हटलं.

पत्ती दोन आठवडे आंबेमोहोराच्या डब्यात होती. तेवढ्या दिवसांत आमच्याकडे भात झाला नाही. "तुझ्या तोंडातली वस्तू ज्यात पुरलीय तो तांदूळ मी शिजवणार नाही," असं बायकोने जाहीर केलं. व्याह्यांना मी पत्ती 'निरीक्षणाखाली' आहे असं कळवलं. सॉफ्टवेअरच्या नोकरीत असे शब्द आपोआप सुचतात.

डब्यातून निघाली ती कोरडी ठणठणीत, पण मुकी. व्याह्यांनी ती नळीत बसवली, भाता बांधला, दाबत राहिले. नुसतीच फसफस. मग त्यांनी पट्टे सोडले.

"सतरा वर्षं मी हिला कोंडून ठेवली," ते म्हणाले. "दोष माझा आहे."

त्या क्षणी सांगायला हवं होतं. शब्द तोंडापर्यंत आले होते. निघाले ते मात्र सवयीचे, आधी मराठीत, मग इंग्रजीत. "हवामानामुळे," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली. मंडळातले डोलावतात तशीच, विश्वासाने. माझी ही थाप पहिल्यांदाच मला गिळवेना.

त्या दिवशी जेवताना बायकोने विचारलं, "सांगितलंस?"

"वेळ बघतोय."

"वेळ बघत नाहीयेस, वाट बघतोयस. त्यांनी आपणहून ओळखावं म्हणून."

जुलै गेला, ऑगस्ट गेला. व्याही शनिवारी येत राहिले, पण आता पेटी आणायचे नाहीत; पत्ती माझ्याकडेच होती. आल्याचा चहा प्यायचे, पत्तीची चौकशी करायचे, माझं 'हवामानामुळे' ऐकून घ्यायचे, जाताना म्हणायचे, "तुम्ही खूप केलंत, व्याही." हे वाक्य मी त्या उन्हाळ्यात किती वेळा ऐकलं ते विचारू नका. एकदा तर मी त्याच्या आधीच लॉन कापायला पळालो.

गणपतीच्या दिवशी मात्र ते पेटी घेऊन आले. आज एकदा शेवटचं बघायचं, नाहीतर पेटी कपाटावर, असं त्यांनी ठरवलं होतं. बायको उकडीचे मोदक करत होती. दुसरा घाणा मोदकपात्रात होता आणि खिडकीच्या काचा वाफेने पांढऱ्या झाल्या होत्या. दिवाणखान्यात पाहुणे, म्हणून व्याही स्वयंपाकघरातच खुर्ची घेऊन बसले. माझ्याकडून पत्ती घेऊन त्यांनी ती शेगडीशेजारी ओट्यावर ठेवली आणि पट्टे बांधायला घेतले. त्यांना त्या कामाला पंधरा मिनिटं लागतात. तेवढ्यात मोदकपात्राचं झाकण दोनदा उघडलं गेलं.

मग त्यांनी पत्ती बसवली आणि कोपर दाबलं.

पहिला आवाज शेळीने तक्रार करावी तसा आला. बायकोच्या हातातला मोदक हातातच राहिला. दुसरा आवाज शेळीचा नव्हता. एक संथ चाल सुरू झाली. नवरा-नवरी बाहेर पडताना वडील हीच वाजवायचे, हे त्यांनी नंतर सांगितलं. मधेच त्यांची बोटं चुकायची. मग ते थांबायचे, थोडं मागे जाऊन पुन्हा उचलायचे, वर्षानुवर्षं बंद राहिलेल्या घरात शिरून दिव्याची बटणं चाचपडावीत तसे.

"रडतायत का रे ते?" बायकोने मला मराठीत विचारलं.

"वाफ आहे," मी म्हणालो. माझ्या चष्म्यावरही होती.

पाहुण्यांना ऐकवायला आम्ही त्यांना खुर्चीसकट दिवाणखान्यात नेलं. तिथे एसी चालू होता. पाच मिनिटांत आवाज चिरका झाला, मग बंद. स्वयंपाकघरात आणलं, वाफेशेजारी बसवलं, पुन्हा सुरू. पुन्हा दिवाणखाना, पुन्हा बंद. भिजवलेल्या आणि मग तांदळात नको तितक्या सुकवलेल्या त्या पत्तीला आता ओलसर हवा असेल तरच बोलायचं होतं.

"हवामानामुळे," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदाच अर्थ समजून.

"म्हणजे माझ्या हातून ती अगदीच मेली नव्हती," व्याही म्हणाले. बायकोने माझ्याकडे बघितलं. मी मोदक तोंडात घातला. तोंड भरलेलं असलं की बोलता येत नाही.

लग्नाच्या दिवशी नेमकी थंडी पडली आणि हॉलवाल्यांनी हीटिंग सुरू केलं. पत्ती आम्ही ओला स्पंज घातलेल्या डब्यात आणली होती. कार्यक्रम साधा होता: मंगलाष्टकं संपून अक्षता पडल्या की व्याह्यांनी वाजवायला सुरुवात करायची. त्याप्रमाणे ते डोक्याला फेटा, काखेत भाता, असे पहिल्या रांगेच्या टोकाला तयार बसले. पण गुरुजींनी जमलेल्या अमेरिकनांना प्रत्येक विधीचा अर्थ समजावून सांगायचं मनावर घेतलं. सप्तपदी अजून व्हायची होती, तरी तिच्या सातही पावलांचा अर्थ त्यांनी आधीच सांगून टाकला. पाऊण तास ती कोरडी गरम हवा पत्तीवर वाहत होती. अंतरपाट धरायची वेळ आली तेव्हा व्याह्यांनी अगदी हळू कोपर दाबून पाहिलं. काही नाही. ते उठले आणि बाजूच्या पॅसेजमध्ये गेले. मी मागोमाग.

"राहू दे," ते म्हणाले. फेट्याखालचा त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. "वडिलांनी विश्वासाने दिलं आणि मी नुसतं कपाटावर ठेवलं. माझंच चुकलं."

माझ्या मुठीत अक्षता होत्या, त्या घामाने ओल्या झाल्या होत्या.

"तुमचं नाही चुकलं," मी म्हणालो. "ती पत्ती मी तोंडात घातली होती. जूनमध्ये."

"तोंडात?"

"आमचे सनईवाले घालतात."

"किती वेळ?"

"पाच मिनिटं. मग तांदळात ठेवली."

आतून गुरुजींचा आवाज येत होता, ते अंतरपाटाचा अर्थ सांगत होते. व्याही भिंतीला टेकले. ते चिडतील, ही भीती नव्हती. ते चिडणार नाहीत आणि नुसतेच निघून जातील, ही होती.

"चव कशी होती?" त्यांनी विचारलं.

"जुन्या पेन्सिलीसारखी."

त्यांचा फेटा हलायला लागला. आधी मला वाटलं रडताहेत. "चार महिने," ते म्हणाले. त्यांना धड बोलता येईना. "चार महिने मी मेलेल्या बापाची माफी मागतोय. रोज. आणि तुम्ही माझ्यासमोर बसून चहा पीत होतात."

"वाट बघत होतो," मी म्हणालो. "बायको म्हणते."

त्यांनी डोळे पुसले. मग नाक वर करून वास घेतला. पॅसेजच्या टोकाला हॉलचं स्वयंपाकघर होतं आणि तिथे भात शिजत होता. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि धावलो. एकाने भाता सांभाळला, दुसऱ्याने खुर्ची उचलली.

"अहो काका, इथे नका बसू, वरण सांडेल अंगावर," केटरर काकू म्हणाल्या. "कोण आहेत हे?"

"व्याही," मी म्हणालो. "लग्नात वाजवणार आहेत. भाताचं झाकण काढा."

"भात अजून शिजायचाय."

"म्हणूनच काढा."

त्यांनी काही विचारलं नाही. लग्नाच्या स्वयंपाकघरात त्यांनी याहून वेडे नवरीचे बाप पाहिले असावेत. झाकण माझ्या हातात देऊन त्यांनी हॉलकडचं दार सताड उघडलं. मी त्या प्रचंड पातेल्यावरचं झाकण तिरपं धरून वाफ व्याह्यांच्या मांडीकडे वळवत राहिलो. बाहेर मंगलाष्टकं सुरू झाली. माझा चष्मा पूर्ण पांढरा झाला होता, मला मुलगी दिसत नव्हती, मांडव दिसत नव्हता, काहीच दिसत नव्हतं. शेवटचं 'सावधान' ऐकू आलं तेव्हा मी एका हाताने झाकण सांभाळत दुसऱ्या हाताने अक्षता आवाजाच्या दिशेने टाकल्या. कुठे पडल्या माहीत नाही.

आणि माझ्या शेजारी वाद्य वाजायला लागलं.

शेळी या वेळी आली नाही. सरळ ती चालच आली, आणि बोटं एकदाही मागे गेली नाहीत. हॉलमधली गडबड हळूहळू थांबल्याचं मला ऐकू आलं. मग पावलं ऐकू आली, बांगड्या ऐकू आल्या, आणि अगदी दारातून मुलीचा आवाज आला, "बाबा, व्हाय आर यू होल्डिंग अ लिड?" तिच्यामागे व्याह्यांच्या मुलाची पावलं थांबली. तो आजोबांच्या त्या आवाजावर लहानाचा मोठा झाला होता; हे मला आतापर्यंत सुचलंच नव्हतं. चाल संपली, आणि व्याह्यांनी ती पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. माझा हात भरून आला होता. मी झाकण दुसऱ्या हातात घेतलं.

लग्नाच्या अल्बममध्ये त्या क्षणाचा एक फोटो आहे. त्यात नव्वद टक्के वाफ आहे. उरलेल्यात एक फेटा, एक कोपर आणि मी धरलेलं झाकण.

जेवणाच्या पंगतीत मी आणि व्याही शेजारी बसलो. मंडळातले एक ज्येष्ठ काका ताट घेऊन आमच्यापाशी आले. बोटांनी भाताचं शीत चेपून बघत म्हणाले, "काय रे, भात कच्चा कसा राहिला?"

मी तोंड उघडलं, पण व्याह्यांनी माझ्या आधीच मान डोलावली होती. काकांना मराठीतूनच उत्तर मिळालं. शब्द तोच, चार महिन्यांत असंख्य वेळा ऐकून पाठ झालेला.

"हवामान," ते म्हणाले, आणि त्यांनी माझ्या पानात आणखी भात वाढला.